तळघराच्या कोब्यावरील क्षारांचे डाग

दुर्गापूजेच्या सुमारास पाऊस ओसरतो, हवा कोरडी होऊ लागते आणि कोलकात्यातील तळघरांच्या कोब्यावर पांढरी भुकटी दिसू लागते. भर पावसाळ्यात ती दिसत नाही. त्या दिवसांत हवाच इतकी दमट असते की जमिनीतून वर आलेले क्षार पाण्यात विरघळलेलेच राहतात. पाणी उडून जाऊ लागले म्हणजे ते पृष्ठभागावर स्फटिकरूपाने मागे उरतात. त्यामुळे आषाढात स्वच्छ दिसणारे तळघर कार्तिकात खराब झालेले पाहून घरमालक गोंधळात पडतो. वस्तुतः रोग जुनाच असतो. मराठीत यालाच लोणा लागणे म्हणतात. बंगाली भाषेतील 'नोना धरा' हा शब्दप्रयोग याच अर्थाचा आहे.

कोलकाता शहर गंगेच्या त्रिभुज प्रदेशातील गाळावर वसले आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची अवघी काही मीटर आहे आणि जमिनीखालचे पाणी अनेक ठिकाणी फार खोल नाही. शहराच्या पूर्वेकडील बिधाननगर तर खाऱ्या दलदलीवरच उभे आहे: १९६० नंतरच्या दशकात हुगळीच्या पात्रातील गाळ पाण्यात कालवून नळांवाटे तेथे आणला गेला आणि दलदल बुजवण्यात आली. बंगालीतील 'लवणह्रद' आणि इंग्रजीतील 'सॉल्ट लेक' या नावांत त्या जागेचा पूर्वेतिहास टिकून आहे. जुन्या कोलकात्यातील धनिक कुटुंबे वरच्या मजल्यावर राहत आणि तळमजला कोठारे व कचेऱ्या यांकडे सोपवीत, त्यामागेही ही ओल काही अंशी असावी.

काँक्रीट दिसते तितके घट्ट नसते. त्यात केसाहूनही बारीक असंख्य नलिका असतात आणि केशाकर्षणाने त्यांतून पाणी वर चढते. वाटेत ते मातीतील व सिमेंटमधील क्षार विरघळवून घेते. परंतु सर्व डाग एकाच जातीचे नसतात, आणि ते ओळखल्यावाचून उपाय योजणे म्हणजे निदानावाचून औषध देण्यासारखे आहे.

हाताला लागणारी, फुंकरीने उडणारी, पाण्यात विरघळणारी भुकटी बहुधा सोडियम वा पोटॅशियमच्या सल्फेटांची असते. दगडासारखा चिकटलेला, पाण्याला दाद न देणारा पांढरा थर कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीचाच होय. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना मोकळा होणारा चुना पाण्याबरोबर वर येतो आणि हवेतील कार्बन डायऑक्साइडशी मिळून असा घट्ट होतो. त्यावर लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकले असता बुडबुडे येतात. ओळखीसाठी एवढी परीक्षा पुरेशी आहे. तिसरा डाग तांबूस-पिवळा, लोखंडाचा. बंगालमधील पुष्कळ कूपनलिकांच्या पाण्यात लोह विरघळलेले असते. उपसताना ते पाणी निर्मळ दिसते, पण हवा लागताच गंज धरते.

भुकटीसाठी कोरड्या, ताठ ब्रशाने घासून ती गोळा करून बाहेर टाकणे हाच पहिला उपाय. प्रथम पाणी ओतणे चुकीचे, कारण विरघळलेला क्षार पुन्हा कोब्यात मुरतो. सोडियम सल्फेटाच्या बाबतीत हे विशेष घातक ठरते. पाणी शोषून घेताना त्याच्या स्फटिकांचे आकारमान सुमारे चौपट होते आणि त्या दाबाने काँक्रीटचे पापुद्रे सुटतात.

चुनखडीच्या थराला मात्र आम्ल लागते, आणि येथेच बहुतेकांचा घात होतो. न्हाणीघर धुण्याचे तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल तसेच्या तसे ओतले जाते. ते डाग खाते, पण सिमेंटही खाते. शिवाय त्यातील क्लोराइड आत झिरपले तर लोखंडी सळया गंजू लागतात. बंद तळघरात त्याच्या वाफा घशाला व फुप्फुसांना अपायकारक असतात. त्यात ब्लीचिंग पावडर मिसळल्यास क्लोरीन वायू सुटतो आणि तो प्राणघातक ठरू शकतो. म्हणून आरंभ पांढऱ्या व्हिनेगरने किंवा सल्फॅमिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने करावा. अगदीच नाइलाज झाला तर हायड्रोक्लोरिक आम्लाच्या एका भागास किमान दहा भाग पाणी घ्यावे, आणि आम्ल पाण्यात घालावे, पाणी आम्लात कधीही घालू नये. हातमोजे, चष्मा आणि वाहती हवा या अटी कोणत्याही आम्लाला लागू आहेत. कोबा आधी साध्या पाण्याने भिजवून घेतला म्हणजे आम्ल वरच्या थरापुरतेच काम करते. बुडबुडे थांबताच घासून धुवावे आणि धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने उरलेले आम्ल मारावे.

लोखंडाच्या डागावर ब्लीचिंग पावडर उपयोगी नाही. तिने तो अधिकच पक्का होतो. एक भाग सोडियम सायट्रेट सहा भाग पाण्यात विरघळवून, त्यात तेवढेच ग्लिसरीन आणि खडूची पूड घालून केलेला लेप काही दिवस डागावर ठेवणे, ही जुनी व सौम्य रीत आहे. ऑक्झॅलिक आम्ल अधिक जलद काम करते, पण ते विषारी असल्याने मुलांपासून दूर ठेवावे.

हे सारे करूनही पुढच्या हिवाळ्यात डाग परतला, तर पाणी कोठून येते हे शोधले पाहिजे. कोलकात्यातील अनेक इमारतींत पाण्याची टाकी जमिनीखालीच असते. तिला तडा गेला असला तरी परिणाम तोच दिसतो, आणि तो दुरुस्त करणे भूजल अडवण्यापेक्षा कितीतरी सोपे. हातभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा कागद कोब्यावर चारही कडांनी चिकटवून एक दिवस ठेवावा. खालच्या बाजूस थेंब जमले किंवा काँक्रीट काळवंडले, तर ओल खालूनच येत आहे. अशा कोब्यावर तैलरंग फासणे व्यर्थ आहे. क्षार रंगाखाली साठतात आणि त्याला फोड आणून उचलून टाकतात. कागद कोरडा निघाला, तर ती ओल हवेतली समजावी आणि तळघरात वारा खेळेल अशी सोय करावी.