फुग्यातून सुटलेला वायू आणि पेवात कोंडलेली हवा

सांगलीच्या विश्रामबागेत संध्याकाळी मुलासाठी घेतलेला गॅसचा फुगा सकाळी जमिनीवर आलेला दिसतो. गाठ घट्ट असते, भोक कुठेही नसतं. मग आतला वायू गेला कुठून? थेट रबराच्या अंगातून!

रबर आपल्याला सलग दिसतं, पण त्याचे रेणू म्हणजे लांबलचक, सतत वळवळणाऱ्या साखळ्या. त्यांच्यात क्षणभर पोकळी तयार होते आणि मिटते. वायूचा रेणू आधी रबरात विरघळतो, मग एका पोकळीतून दुसरीत उडी घेत पलीकडे निघतो. फुग्यातून वेगवेगळे वायू वेगवेगळ्या वेगाने निसटतात, हे फिलाडेल्फियाचे डॉक्टर जॉन मिचेल यांनी १८३१ सालीच नोंदवलं होतं. पुढे १८६६ मध्ये थॉमस ग्रॅहॅम यांनी पातळ रबरातून साधी हवा ओढून घेतली. पलीकडे आलेल्या हवेत ऑक्सिजन होता तब्बल ४१ टक्के! आपल्या हवेत तो असतो २१ टक्के. रबराने नायट्रोजनला मागे ठेवून ऑक्सिजनला पुढे सोडलं होतं.

लहान रेणू आधी निसटणार, असं आपण धरून चालतो. पण कार्बन डायऑक्साइडचा रेणू हेलियमच्या अणूपेक्षा मोठा असूनही नैसर्गिक रबरातून तो हेलियमच्या कितीतरी पुढे धावतो, कारण तो रबरात सहज विरघळतो. म्हणजे शरीर बारीक असणं पुरेसं नाही, भिंतीशी जमणंही लागतं. भिंत बदलली की सगळा हिशेबच बदलतो. ब्यूटाइल रबराच्या साखळ्या दाटीवाटीने बसतात, त्यातून हवा फार सावकाश जाते, म्हणून सायकलपासून ट्रकपर्यंतच्या ट्यूब त्याच्या बनवतात. काचेतून हेलियम हळूहळू झिरपतो. धातूतून मात्र त्याला वाटच नाही. हायड्रोजनची तऱ्हा त्याहून न्यारी: पॅलेडियम धातूच्या पृष्ठभागावर त्याच्या रेणूचे दोन अणू सुटे होतात, धातूतून आरपार जातात आणि पलीकडे पुन्हा जोडी जमवतात.

या सगळ्याचा सांगलीचा स्वतःचा धडा विश्रामबागेपासून काही किलोमीटरवर, कृष्णा-वारणा संगमाजवळच्या हरिपूरला आहे. तिथे हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत आले आहेत. पेवाचं तोंड अरुंद, पोट मोठं. हळकुंडं भरून तोंड मातीने बंद केलं की आतली हळद वर्षानुवर्षं टिकते, कीड लागत नाही. मातीला तर असंख्य छिद्रं असतात, मग हवा आत का येत नाही? येते, पण ओल्या मातीत ती छिद्रं पाण्याने भरलेली असतात आणि पाण्यातून वायू पसरण्याचा वेग हवेतल्यापेक्षा साधारण दहा हजार पट कमी असतो. आतले जीव श्वासात ऑक्सिजन संपवतात, कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि बाहेरून तितकी भरपाई होत नाही. किडीला जगायला पुरेसा ऑक्सिजनच उरत नाही. प्रयोगशाळेचं नावही न घेता, निव्वळ मातीची पारख करून आपल्या माणसांनी हे साधलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. २००५ च्या महापुरात यातली बरीच पेवं पाण्याखाली गेली, ही हळहळ अजून जात नाही.

जी हवा किडीला मारते, तीच माणसालाही. म्हणून पेव उघडल्यावर ते मोकळं ठेवतात आणि उतरण्याआधी पेटता कंदील आत सोडून पाहतात. तो विझला तर कुणी खाली जात नाही. पण कंदील जळत राहिला म्हणून विषारी वायू नाहीच, अशी खात्री देता येत नाही. पेव असो, विहीर असो वा मैल्याची टाकी, आत पुरेशी हवा खेळवल्याशिवाय, हवा तपासल्याशिवाय आणि वर दोर धरणारा माणूस असल्याशिवाय कुणीही उतरू नका. आत कोसळलेल्याला काढायलाही तसंच धावू नका.