बाळंतिणीचं नैराश्य आणि संगणकाचं भाकीत

‘बाळंतिणीच्या मनातलं आता संगणक ओळखणार’ अशा थाटाची बातमी अधूनमधून येते. संगणक वाचतो तो केसपेपर. बोस्टनच्या मास जनरल ब्रिगहॅममधल्या संशोधकांनी आठ रुग्णालयांतल्या 29,168 बाळंतपणांच्या नोंदी त्याला वाचायला दिल्या. हे काम 2025 मध्ये प्रसिद्ध झालं. वय, आधीची दुखणी, गरोदरपणातल्या भेटी, असं डिस्चार्जच्या दिवशी फायलीत आधीच असलेलं सगळं त्यात होतं. पुढच्या सहा महिन्यांत साधारण 9 टक्के जणींच्या नोंदींत नैराश्याच्या खुणा सापडल्या.

मग यंत्रानं जिला ‘जास्त जोखीम’ म्हटलं, तिला नैराश्य येणारच? तसं नाही. अशा दहांपैकी जेमतेम तिघींना ते आलं. तरी हे थोडं नव्हे. सरसकट सगळ्यांत हे प्रमाण दहात एकीपेक्षाही कमी आहे. कुणाची विचारपूस आधी करायची, एवढं यातून ठरवता येतं.

‘नव्वद टक्के अचूक’ या शब्दांना तर भुलूच नये. शंभरात नऊ जणींना नैराश्य येत असेल, तर डोळे मिटून ‘कुणालाच येणार नाही’ म्हणणाराही 91 वेळा बरोबर ठरतो! विचारायचं ते हे, की त्या नऊंपैकी किती सापडल्या?

यंत्राला जात, वंश, पैसा कळत नाही, म्हणून ते निःपक्षपाती, असंही ऐकू येतं. हा गैरसमज सगळ्यांत घातक. अमेरिकेत गरिबांसाठीच्या मेडिकेड या सरकारी विम्याच्या नोंदी वापरून 2021 मध्ये पावणेसहा लाख स्त्रियांचा अभ्यास झाला. नैराश्याचं निदान आणि उपचार यांच्या नोंदी गोऱ्या स्त्रियांच्या नावावर जास्त होत्या. पण निदान व्हायला आधी डॉक्टरपर्यंत पोचावं लागतं, आणि त्यानं ऐकून घ्यावं लागतं. जिचं दुखणं कुणी लिहूनच घेतलं नाही, ती यंत्राच्या लेखी धडधाकट. वंशाचा रकाना पुसून हे पुरतं सुटत नाही, कारण बाकीच्या रकान्यांतूनही तो डोकावतोच. त्याच अभ्यासात नोंदींना वेगवेगळं वजन देण्याचा उपाय त्याहून सरस ठरला.

प्रश्नावलीची गरजही संपलेली नाही. बाळंतिणीचं नैराश्य चाचपणारी 1987 ची एडिनबरा प्रश्नावली दहाच प्रश्नांची आहे. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. त्याचं उत्तर रक्ताच्या रिपोर्टात कुठून येणार? बोस्टनच्या यंत्राचा अंदाजही गरोदरपणातल्या याच प्रश्नावलीच्या गुणांमुळे सुधारला. (बाळंतपणानंतर चार-आठ दिवस उगाच रडू येतं, ते वेगळं. दोन आठवड्यांपलीकडे टिकलं तर डॉक्टरांना दाखवावं.)

‘हे परदेशी दुखणं, आपल्याकडे माणसं असतात सोबतीला’ या समजुतीला तर आकडेच उत्तर देतात. भारतातल्या 38 अभ्यासांचा, 20,043 मातांचा आढावा 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हे प्रमाण 22 टक्के निघालं.

मग बोस्टनचं यंत्र इथे आणून बसवावं का? पहिलं बाळंतपण माहेरी. सोनोग्राफीची फाइल सासरच्या दवाखान्यात, प्रसूतीची नोंद माहेरच्या, आणि सव्वा महिन्यानंतरची बाई पुन्हा तिसऱ्याच कागदावर. हे कागद जुळेपर्यंत यंत्रानं वाचायचं काय? दवाखान्यात बाळंतपण झालं, की आशाताई मात्र 42 दिवसांत सहा वेळा घरी येते, बाळाचं वजन करायला. ते दहा प्रश्न त्यातल्या एखाद्या भेटीत आईला विचारता येतील, सासू चहा टाकायला आत गेली असताना.