वैलावरचे वरण आणि नोकरीचा दिवस

दोघेही नोकरी करणाऱ्या घरात संध्याकाळी साडेसातची वेळ सर्वाधिक धावपळीची असते. जालन्यात पोलाद कारखाने, बियाणे कंपन्या, बँका आणि शाळांमध्ये काम करणारे असोत, की सुमारे साठ किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरला रोज ये-जा करणारे असोत. घरी पोहोचताच ‘आज काय करायचे?’ हा प्रश्न दारातच उभा असतो. बहुतेक घरांत तो आजही स्त्रीलाच सोडवावा लागतो. सकाळी भांडे लावून जावे आणि परतल्यावर कालवण तयार मिळावे, ही इच्छा म्हणूनच स्वाभाविक आहे. विजेवर चालणारा ‘स्लो कुकर’ नेमके हेच आश्वासन देतो.

मंद आचेची ही कल्पना आपल्याला परकी नाही. चुलीच्या वैलावर ठेवलेले वरणाचे भांडे मुख्य जाळाच्या उरलेल्या उष्णतेवर शिजत असे आणि बाई तोवर भाकऱ्या थापत असे. कोलकात्याच्या डॉ. इंदुमाधव मलिक यांनी १९१० मध्ये तयार केलेल्या ‘इकमिक कुकर’मध्ये थोड्याशा कोळशावर, वाफेच्या साह्याने, डब्यांत रचलेले पदार्थ एकाच वेळी शिजत. अमेरिकेत आयर्विंग नॅक्सन यांना विजेच्या मंद कुकरचे पेटंट १९४० मध्ये मिळाले. शब्बाथच्या आदल्या दिवशी बेकरीच्या भट्टीत रात्रभर शिजत ठेवल्या जाणाऱ्या एका ज्यू पदार्थावरून त्यांना ही कल्पना सुचली होती. १९७१ मध्ये तो ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आला आणि नोकरदार घरांत रुजला.

यामागचे शास्त्र सोपे आहे. डाळ शिजण्यासाठी पाणी सतत खळखळत राहावे लागत नाही. दाणा पुरेसा तापला आणि तो ताप टिकला की झाले. म्हणूनच उकळलेले भांडे घट्ट झाकून, भोवती भुसा, कापूस किंवा जुनी वाकळ दाबून बसवलेल्या पेटीत ठेवले, तर शिजण्याचे उरलेले काम गॅसविना होते. भांडे जाड बुडाचे आणि तीन-चतुर्थांश भरलेले असावे. थोडेसे वरण लवकर निवते. घर लहान असेल तर शेजारी उकळत्या पाण्याचे दुसरे भांडे ठेवावे.

मात्र सकाळी आठला पेटीत ठेवलेले भांडे संध्याकाळी सातला उघडणे धोक्याचे आहे. पाच ते साठ अंश सेल्सिअस या तापमानात जिवाणू झपाट्याने वाढतात आणि अकरा तासांत घरगुती पेटी साठच्या खाली उतरण्याची शक्यता मोठी असते. काही जिवाणूंचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत; काहींनी तयार केलेले विष पुन्हा उकळल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून कोमट झालेले अन्न वास चांगला येत असला तरी टाकून द्यावे. विजेच्या कुकरमध्ये ताप टिकतो, पण घरी कोणी नसताना वीज किती वेळ गेली हे कळत नाही. त्याच बोर्डावर विजेवर चालणारे घड्याळ लावले, तर ते मागे पडल्याचे पाहून अंदाज येतो. शंका असेल तर ते अन्न खाऊ नये.

यावर व्यवहार्य तोड म्हणजे कामाची विभागणी. दिवसाचे लांब तास भिजवण्याला आणि मोड आणण्याला द्यावेत, शिजवणे संध्याकाळीच करावे. मटकी रात्री भिजवून सकाळी फडक्यात बांधली, तर घरी येईपर्यंत मोड डोकावू लागतात आणि ती लवकर शिजते. तुरीची डाळ सकाळी भिजवून फ्रीजमध्ये ठेवावी; जालन्याच्या मे महिन्यात बाहेर ठेवलेली डाळ आंबते. घरी आल्यावर ती पंधरा मिनिटे उकळून पेटीत ठेवली की साधारण तास-दीड तासात मऊ होते. तोवर मुलांचा अभ्यास, भाकरी किंवा थोडी विश्रांती होते. हरभरे आणि हुलग्यांना याहून बराच अधिक वेळ लागतो. ते सुटीच्या दिवसासाठी राखावेत.

आयत्या वेळची जुळवाजुळव इथूनच सुरू होते. शिजलेली डाळ एकच. तीत पालक पडला की डाळभाजी, चुका पडला की आंबट वरण, येसर कालवले की लग्नघरची आठवण देणारी आमटी. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने बीडीएन-७११ सारखे तुरीचे वाण दिलेल्या या जिल्ह्यात निदान डाळीची वाण नसावी!

दोन गोष्टी मात्र पाळाव्यात. चिंच, टोमॅटो, चुका असे आंबट पदार्थ डाळ शिजल्यावरच घालावेत; आंबटपणामुळे दाणा कडक राहतो. बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियममुळेही तेच होते, म्हणून भिजवायला आणि शिजवायला शक्यतो पिण्याचे मऊ पाणी घ्यावे. दुसरे, राजमा कधीही थेट मंद आचेवर लावू नये. त्यातील नैसर्गिक विषारी प्रथिन कमी तापमानात नष्ट होत नाही आणि पोट बिघडते. राजमा किमान पाच तास भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात चांगला अर्धा तास खळखळून उकळावा आणि मगच पेटीत किंवा मंद कुकरमध्ये ठेवावा.

कोणतेही भांडे घरातले सगळे काम करत नाही. फडक्यात मटकी बांधणे किंवा डाळीला उकळी आणणे यासाठी सुगरणपण लागत नाही. घरात जो आधी पोहोचेल त्याने ते करावे. वैलावरचे वरण आपोआप शिजत असे, पण चूल पेटवणारे हात एकाच बाईचे असत. पेटीने गॅस वाचेल. त्या बाईचा वेळ घरच्यांनीच वाचवायचा आहे.