‘निगेटिव्ह’ आलंय, म्हणजे काय?

गेल्या पावसाळ्यात शहाडची एक मुलगी वडिलांचा रिपोर्ट घेऊन दवाखान्यात आली. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, रोज लोकलने कल्याणला कॉलेजला जाणारी. ‘डॉक्टर, डेंग्यू निगेटिव्ह आलाय. आता ॲडमिट करावं लागेल का?’ निगेटिव्ह म्हणजे वाईट, असं तिनं धरलं होतं. रिपोर्टवर नीट ‘एनएस-१ नॉन-रिॲक्टिव्ह’ लिहिलेलं होतं.

पदवीपर्यंत शिकलेली मुलं इथेच अडखळतात. विज्ञान येतं, पण चिठ्ठीची भाषा कुणी शिकवलेली नसते. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपताना. ही सगळी लॅटिन शब्दांची आद्याक्षरं. ‘एसओएस’ पाहून मुलं घाबरतात, पण त्याचा अर्थ फक्त ‘गरज पडली तर’. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कागदावर तोच ओडी उजवा डोळा असतो! (आम्हा डॉक्टरांच्या अक्षराबद्दल न बोललेलंच बरं. औषधाचं नाव सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहा, असं मेडिकल कौन्सिलला २०१६ मध्ये नियमातच घालावं लागलं.)

वाचता येणं आणि कळणं यांतलं अंतर अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. ‘दोन गोळ्या दिवसातून दोनदा’ ही सूचना कमी साक्षर रुग्णांपैकी सुमारे ७१ टक्क्यांनी बरोबर वाचली. दिवसाच्या गोळ्या मोजून दाखवा म्हटल्यावर जेमतेम ३५ टक्क्यांना जमलं. संधिवातावरची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतल्याने जगभरात माणसं दगावली आहेत.

रिपोर्टमधल्या ठळक आकड्यांचं उलट आहे. ‘नॉर्मल’ची मर्यादा बहुधा ९५ टक्के निरोगी माणसं आत बसतील अशी आखतात. म्हणजे धडधाकट विसांतला एक जण बाहेर पडणारच.

त्या मुलीला विचारलं, ताप किती दिवस? ‘आज सहावा.’ एनएस-१ पहिल्या पाचेक दिवसांत खात्रीची. नंतर ती निगेटिव्ह आली तरी डेंग्यू नाही असं म्हणता येत नाही. आयजीएम करायला सांगितली. संध्याकाळी तिचा फोन आला: ‘पॉझिटिव्ह आहे. म्हणजे झालाय, बरोबर ना? प्लेटलेट एक लाख दहा हजार. घरीच ठेवू, की आणू?’

म्हटलं, आणा, एकदा तपासतो. आणि घरात ब्रुफेन असेल तर देऊ नका.