परदेशातले बिऱ्हाड : सजवलेले की रिकामे?

परदेशी जायचे ठरले की आपल्याकडची मंडळी थंडीची चौकशी करतात, लोकरीच्या कपड्यांची करतात, फार तर पोळीच्या पिठाची करतात. घर सामानासकट घ्यावे की रिकामे, हे मात्र विमानात बसेपर्यंत कुणाला सुचत नाही. जर्मनीत तर पहिल्या वर्षाचा सारा जमाखर्च याच एका प्रश्नावर ठरतो. स्टुटगार्टला आम्ही दोन्ही प्रकारच्या घरांत राहिलो, म्हणून हे सांगण्याचे धाडस करते.

पुण्यामुंबईचा ब्लॉक रिकामा म्हटला तरी त्याला ओटा असतो. जर्मनीतले रिकामे घर म्हणजे अक्षरशः भिंती! स्वयंपाकघरात नळाची जोडणी तेवढी भिंतीतून डोकावते. ओटा, शेगडी, भांडी घासायचे सिंक, पुष्कळदा यांतले काहीच नसते. छताला दिव्यांऐवजी वायरींची टोके लोंबतात. कारण आधीचा भाडेकरू आपला ओटा नि कपाटे घेऊन जातो, किंवा तुम्हांलाच विकू पाहतो. किंमत रास्त असेल तर खुशाल घ्यावीत. नवी मागवली की ती येऊन बसेपर्यंत आठवडे लोटतात, आणि तोवर एका विजेच्या शेगडीवर खिचडी!

सजवलेल्या घरात बॅगा ठेवल्या की लगेच चहा टाकावा. भाडे अर्थातच जास्त. पण मला खरी धास्ती होती ती हळदीची. पांढराशुभ्र ओटा, फिकट सोफा, आणि आमचे चिरंजीव वरणभाताची ताटली घेऊन त्या दिशेने निघालेले! “डिपॉझिट, डिपॉझिट!” म्हणून हे ओरडत. सासूबाई आल्या, तेव्हा पलंगावर बसण्यापूर्वी त्यांनी हळूच विचारले, “हा आपलाच ना ग?” मुलाला आपल्याच घरात पाहुण्यासारखे वागायला शिकवावे लागते, ही गोष्ट भाड्याच्या आकड्यात दिसत नाही.

आकड्यांतही मेख असते. ‘काल्ट’ म्हणजे निव्वळ भाडे. ‘वार्म’ म्हणजे घर तापवण्याचा वगैरे खर्च धरून. दोन घरांची तुलना करताना आकडा कोणता, ते आधी विचारावे. अनामत रक्कम निव्वळ भाड्याच्या तिपटीहून अधिक घेता येत नाही, आणि ती ३ मासिक हप्त्यांत देण्याची कायद्याने मुभा आहे. सजवलेल्या घराची किल्ली घेताना प्रत्येक चमचा-खुर्चीची यादी करून दोघांच्या सह्या घ्याव्यात, ओरखड्यांची छायाचित्रेही काढावीत. शिवाय नव्या पत्त्याची नोंद २ आठवड्यांत सरकारदरबारी करावी लागते. त्यासाठी घरमालकाचे पत्र लागते. ते मिळणार का, हे पैसे देण्याआधी विचारून घ्यावे. कारण करक्रमांक या नोंदीनंतरच टपालाने येतो.

मुक्काम वर्षभराचा असेल, तर सजवलेलेच घर घ्यावे. मुलाबाळांसह दोन-तीन वर्षे राहायचे असल्यास माझे मत रिकाम्याच्या बाजूचे. मात्र नवख्याकडे तिथल्या पगाराच्या पावत्या नसतात आणि घरमालक त्या मागतात. तेव्हा पहिले तीन-चार महिने सजवलेल्या घरात काढून, पावत्या हाती आल्या की शोधाला लागावे. आणि मिक्सर इथूनच न्यावा! वीज तिकडेही २३० व्होल्टचीच आहे. फक्त आपला तीन पिनांचा प्लग तिथे बसत नाही, तेवढा जोड बरोबर ठेवावा.