ख्रिस्तसान्निध्याची कल्पना आणि नागपूरचे १९७० चे ऐक्य

दोघे किंवा तिघे ख्रिस्ताच्या नावाने जमतात तेथे तो त्यांच्यामध्ये असतो, हे ख्रिस्ती उपासनेचे मूळ गृहीत होय. त्याचा आधार मत्तयाच्या शुभवर्तमानातील अठराव्या अध्यायात आहे. हे आश्वासन सामान्यतः सामुदायिक प्रार्थनेच्या संदर्भात घेतले जाते. वस्तुतः ते येते अपराध करणाऱ्या बंधूला कसे समजवावे याच्या विवेचनानंतर. भांडलेल्यांचा समेट घडविण्याचे अवघड काम आणि ख्रिस्ताचे सान्निध्य यांची सांगड मूळ ग्रंथातच अशी घातलेली आहे. तोरेच्या चिंतनासाठी दोघे बसले असता ईश्वरी तेज त्यांच्यामध्ये वसते, ही यहुदी कल्पना या वचनाशी ताडून पाहण्याजोगी आहे. फरक इतकाच की, तोरेच्या जागी येथे एक व्यक्ती आली आहे.

परंतु ख्रिस्त स्वर्गारोहण करून पित्याच्या उजवीकडे बसला, असेही श्रद्धासूत्र सांगते. मग तो सभेत कसा? पवित्र आत्म्याच्या द्वारे, या उत्तरावर बहुतेक पंथ सहमत आहेत. मतभेद उपजतो तो प्रभुभोजनापाशी. भाकर व द्राक्षारस यांचे बाह्य रूप तसेच राहून त्यांचे तत्त्व ख्रिस्ताचे शरीर व रक्त होते, हा सिद्धांत ट्रेंटच्या परिषदेने १५५१ मध्ये रोमन कॅथलिकांसाठी पक्का केला. त्यापूर्वीच, १५२९ मध्ये, मारबुर्ग येथे लूथर व झ्विंग्ली याच प्रश्नावर विभक्त झाले होते. भाकरीत ख्रिस्ताचे शरीर खरोखरच आहे, असा लूथरचा आग्रह होता; झ्विंग्लीच्या मते तो स्मरणाचा विधी होता. कॅल्विनने आत्म्याच्या सामर्थ्याने श्रद्धावंताचा ख्रिस्ताशी खरा संयोग घडतो, असा तिसरा मार्ग काढला.

हे युरोपीय वाद मिशनऱ्यांबरोबर हिंदुस्थानात आले. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले. ती परंपरा कॅल्विनची. रोमन कॅथलिकांची नागपूर धर्मप्रांताची स्थापना १८८७ ची. एकाच शहरात एकाच प्रभूचे भक्त, आणि मेजे मात्र वेगळी! यातील विसंगती येथील माणसाला युरोपीयापेक्षा अधिक बोचली असल्यास नवल नाही, कारण त्या भांडणाच्या आठवणी त्याच्या नव्हत्या.

नारायण वामन टिळकांनी तर या वादांना बगलच दिली. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना 'नवा करार' दिला, आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त माउली आहे, गुरू आहे. सान्निध्य हा तेथे सिद्धांताचा नव्हे, अनुभवाचा विषय आहे. वारकऱ्यांच्या भाषेने हे शक्य केले. १९१७ मध्ये त्यांनी मांडलेल्या 'देवाच्या दरबारा'त बाप्तिस्मा न झालेल्या शिष्यांनाही स्थान होते. चर्चच्या चौकटीत हे बसणे कठीणच होते.

चौकटीतला प्रयत्न दीर्घकाळ चालला व नागपुरातच फळास आला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी ऑल सेंट्स कॅथीड्रल येथे सहा मंडळ्यांचे मिळून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले. अँग्लिकन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि आधीच संयुक्त झालेली उत्तर भारतीय मंडळी असे हे घटक होत. बिशपच्या परंपरेत सान्निध्याची खूण पाहणारे अँग्लिकन आणि जमलेल्या श्रद्धावंतांच्या सभेतच ती पाहणारे बॅप्टिस्ट एका मेजाशी बसावयाचे होते. त्यासाठी बालकांचा व प्रौढांचा, दोन्ही बाप्तिस्मे ग्राह्य धरले गेले. धर्मसेवकांनी परस्परांच्या मस्तकी हात ठेवून प्रार्थना केली. ही पुनर्दीक्षा होती काय, याचा निर्णय हेतुतः ईश्वरावर सोपविला. टीकाकारांनी यास संदिग्धता म्हटले. संदिग्धता होतीच, पण तिच्यावाचून ऐक्य घडले असते असे वाटत नाही.

अमेरिकन परंपरेची मेथडिस्ट मंडळी मात्र ऐनवेळी बाजूस झाली. कॅथलिक या योजनेत नव्हतेच. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने १९६३ मध्ये मिस्सा व संस्कारांबरोबरच शास्त्रवाचनात आणि प्रार्थना करणाऱ्या सभेतही ख्रिस्ताची उपस्थिती मान्य केली, व त्यासाठी मत्तयाच्या त्याच वचनाचा आधार घेतला. प्रभुभोजनाचे मेज मात्र त्यामुळे एक झाले नाही. नागपुरातील या दोन कॅथीड्रलांत ते आजही वेगवेगळेच मांडले जाते.