कोविड-१९ स्वचाचणी संच: कोणी वापरावा, निष्कर्षाचा अर्थ कसा लावावा

कोविड-१९ ची तपासणी प्रारंभी केवळ प्रयोगशाळा, रुग्णालये व तपासणी केंद्रांतच होत असे. मे २०२१ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने घरी करावयाच्या रॅपिड अँटिजेन चाचणीस मान्यता दिली. तेव्हापासून मान्यताप्राप्त संच औषध दुकानात डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळू शकतो.

चाचणी कोणी करावी?
ताप, खोकला, घसादुखी यांसारखी लक्षणे असलेल्या अथवा बाधित रुग्णाच्या निकट संपर्कात आलेल्या व्यक्तींनीच ही चाचणी करावी. कारणाविना वारंवार चाचणी करू नये. लक्षणे असल्यास स्वतः दुकानात न जाता संच दुसऱ्याकडून मागवावा.

चाचणी करताना
• वेष्टन सीलबंद असल्याची व वापराची मुदत संपलेली नसल्याची खात्री करावी.
• हात स्वच्छ धुऊन, माहितीपत्रकानुसार दोन्ही नाकपुड्यांतून नमुना घ्यावा.
• निष्कर्ष नेमून दिलेल्या वेळेतच वाचावा. उशिरा उमटलेली रेषा ग्राह्य धरू नये.
• निष्कर्षाची नोंद संचासोबतच्या मोबाइल ॲपवर करावी. या नोंदीमुळे प्रशासनास संसर्गाचा प्रसार कळतो.
• वापरलेले साहित्य माहितीपत्रकातील सूचनेनुसार पिशवीत बंद करून टाकावे.

निष्कर्षाचा अर्थ
‘सी’ व ‘टी’ या दोन्ही रेषा दिसल्यास व्यक्ती बाधित समजावी. पुन्हा चाचणीची आवश्यकता नाही. त्वरित विलग राहून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

केवळ ‘सी’ रेषा दिसल्यास निष्कर्ष नकारात्मक असतो. तथापि संसर्ग नाहीच, असे त्यावरून ठरत नाही. नमुन्यातील विषाणूंचे प्रमाण अल्प असल्यास ही चाचणी ते ओळखू शकत नाही. म्हणून लक्षणे असलेल्यांनी तात्काळ आरटी-पीसीआर चाचणी करावी आणि अहवाल येईपर्यंत विलग राहावे. घरात वृद्ध, गर्भवती अथवा मधुमेह व हृदयविकाराचे रुग्ण असल्यास ही दक्षता विशेष महत्त्वाची आहे.

‘सी’ रेषा न उमटल्यास चाचणी अवैध ठरते. नवीन संच वापरावा.

विलंब करू नका
श्वास घेण्यास त्रास, छातीत सतत वेदना, संभ्रमावस्था अथवा रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण ९३ टक्के किंवा त्याहून कमी असल्यास, निष्कर्ष काहीही असो, रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे.

औषध विक्रेत्याकडून संचाच्या वापराची माहिती अवश्य घ्यावी. मात्र प्रतिजैविके वा स्टेरॉइड डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेऊ नयेत.

राष्ट्रीय मदतवाहिनी: १०७५